पाटीवरचं साल आणि लाकडातलं साल
मिसिसिपीकाठच्या सेंट जेनेव्हीव गावातल्या जुन्या घरांचं प्रकरण

(या प्रकरणात गाव, वास्तू आणि सार्वजनिक नोंदीतल्या व्यक्ती खऱ्या नावानं आल्या आहेत. घरांचे अलीकडचे खासगी मालक, मार्गदर्शक आणि स्थानिक कार्यकर्ते यांची नावं घेतलेली नाहीत.)

पार्श्वभूमी

अमेरिकेतला फ्रेंच वारसा म्हटला की आपल्याकडे बहुतेकांना न्यू ऑर्लिन्स आठवतं. पण मिसिसिपीच्या वरच्या अंगाला, आजच्या इलिनॉय आणि मिसूरीच्या सीमेवर, अठराव्या शतकात फ्रेंच बोलणाऱ्या शेतकऱ्यांच्या गावांची एक ओळच होती. त्यातलं सेंट जेनेव्हीव अजून नांदतं आहे. सेंट लुईसपासून सुमारे १०० किलोमीटर दक्षिणेला, नदीच्या पश्चिम काठावर, पाच हजारांच्या आसपास वस्तीचं हे गाव. गहू पिकवायचा, जवळच्या खाऱ्या झऱ्यांचं पाणी आटवून मीठ करायचं, डोंगराकडच्या खाणीतलं शिसं नदीतून खाली पाठवायचं, हा त्यांचा व्यवहार. यातलं कष्टाचं बरंचसं काम गुलाम करत, हेही इथेच सांगितलेलं बरं.

राज्य कोणाचं हा प्रश्न गावाला फारसा विचारला गेला नाही. १७६२ च्या गुप्त तहानं फ्रान्सनं नदीच्या पश्चिमेचा मुलूख स्पेनला दिला. पुढे तो पुन्हा फ्रान्सकडे गेला आणि १८०३ मध्ये अमेरिकेनं विकत घेतला. झेंडे बदलले, पण घरात बोलायची भाषा आणि घर बांधायची रीत बराच काळ तीच राहिली.

मूळ गाव आजच्या जागी नव्हतं. ते दोन-तीन मैल दक्षिणेला, नदीलगतच्या गाळाच्या सपाटीवर होतं. माती सोन्यासारखी, पण पाण्याच्या तोंडात. शेजारच्या वस्त्यांनी या गावाला ‘मिझेर’, म्हणजे हालअपेष्टा, असं टोपणनाव दिलं होतं. १७८५ च्या पुरानं ते गाव बुडवलं. ते साल लोकांच्या बोलण्यात ‘मोठ्या पाण्याचं वर्ष’ म्हणून राहिलं. त्यानंतर काही वर्षांत वस्ती टप्प्याटप्प्यानं गाबुरी ओढ्याच्या दोन फाट्यांमधल्या उंच जागेवर हलली. शेती मात्र खालीच राहिली. लांबच लांब अरुंद पट्ट्यांत वाटलेलं ते सामाईक शिवार आजही कसलं जातं.

आता घरांकडे. सरहद्दीवरचे इंग्रजी बोलणारे वसाहतकार ओंडके आडवे रचून घर उभं करत. हे फ्रेंच लोक ओंडके उभे लावत. त्यातली सर्वांत जुनी पद्धत पोतो-आँ-तेर: चांगला खोल चर खणायचा, त्यात तासलेले खांब जवळजवळ उभे करायचे आणि मधल्या फटींत गवत कालवलेली माती ठासायची. कोकणात मेढी जमिनीत रोवून घर उभारत, ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे चटकन कळेल. फरक इतकाच की इथे मेढ चार-दोन ठिकाणी नसते, अख्खी भिंतच मेढींची असते. वर चुन्याचा हात आणि घराभोवती रुंद पडवी. दुसरी पद्धत पोतो-सुर-सोल. तीत खांब जमिनीत न जाता दगडी जोत्यावरच्या आडव्या तुळईवर बसतात, म्हणून ते लवकर कुजत नाहीत. जमिनीत रोवलेल्या खांबांची अशी जुनी घरं साऱ्या अमेरिकेत आता पाचच्या आसपास उरली आहेत आणि त्यातली तीन या एका गावात आहेत.

अडचण

अडचण पाट्यांवरच्या सालांची होती.

आमुरो घर १७७० चं, बेकेट-रिबो घर १७७८ चं, बोल्डुक घर १७७० चं, असं विसाव्या शतकात बराच काळ सांगितलं जात होतं. पाहुण्यांना हेच ऐकवलं जाई, पत्रकांत हेच छापलं जाई. ही सालं कोणी लबाडीनं लिहिली नव्हती. घराण्याची आठवण, जमिनीच्या कागदातला एखादा जुना उल्लेख आणि गावाचा अभिमान, एवढ्यावर साल ठरत असे. यातला कागद जमिनीचा वहिवाटदार सांगतो. त्या जमिनीवर तेव्हा नेमकं आजचंच घर होतं का, हे तो सांगत नाही.

पण गावाच्या स्वतःच्या इतिहासाशीच ही सालं जुळत नव्हती. १७८५ च्या पुरानंतर गाव नव्या जागी आलं, तर नव्या जागेवर १७७० चं घर कसं? बोल्डुक घरापुरतं एक उत्तर तयार होतं: घर जुन्या गावात बांधलं आणि पुरानंतर सुटं करून इथे आणून पुन्हा उभं केलं. जोत्यावरचं घर असल्यामुळे ते अशक्य वाटत नाही. आमुरो आणि बेकेट-रिबो ही घरं मात्र खांब रोवलेली. वर्षानुवर्षं ओल्या गाळात राहिलेले बुंधे उपटून, वाहून नेऊन पुन्हा पुरायचे, हे कोणता शहाणा शेतकरी करेल? तिथे दुसरं उत्तर पुढे येई: काही कुटुंबं पुराआधीच उंचावर राहायला आली असतील. तेही अशक्य नाही. म्हणजे विसंगती प्रत्येकाला दिसत होती आणि प्रत्येक घरापुरती एक पळवाटही होती. माझ्या मते सालं इतकी टिकली ती याच कारणानं.

त्यात संस्थांचं वजन येत गेलं. मंदीच्या काळात, १९३३ साली, चार्ल्स पीटरसन या वास्तुविशारदाच्या पुढाकारानं संघराज्य सरकारनं ऐतिहासिक इमारतींच्या मोजमापाचा कार्यक्रम सुरू केला. बेकार वास्तुविशारदांना काम मिळालं आणि देशाला नकाशे. पीटरसन यांनी पुढे याच भागात राहून या फ्रेंच घरांचा बारकाईनं अभ्यास केला. १९५६-५७ मध्ये अर्नेस्ट अ‍ॅलन कॉनली यांच्या देखरेखीखाली बोल्डुक घराचा जीर्णोद्धार झाला. १९६० मध्ये गावाच्या जुन्या भागाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला, १९७० मध्ये बोल्डुक घराला स्वतंत्रपणे मिळाला. दर्जा सालासाठी नव्हता, बांधणीच्या पद्धतीसाठी आणि ती इतकी शाबूत राहिल्यासाठी होता. पण पाहुण्याच्या मनात दर्जा आणि साल एकमेकांना चिकटतात. मग सालाला हात लावणं म्हणजे दर्जाला हात लावणं वाटू लागतं.

कोणते मार्ग होते

पहिला मार्ग काहीच न करण्याचा. सालापुढे ‘परंपरेनुसार’ जोडायचं आणि पुढे जायचं. खर्च नाही, भांडण नाही. बहुतेक गावं हेच करतात आणि मला त्यात फार मोठं पापही दिसत नाही. फक्त काही वर्षांत पत्रक पुन्हा छापताना जागा वाचवायला तो शब्द आधी गळतो.

दुसरा मार्ग कागदपत्रांचा. सेंट जेनेव्हीवची फ्रेंच दप्तरं बऱ्यापैकी टिकली आहेत: खरेदीखतं, लग्नाचे करार, मृताच्या मालमत्तेच्या याद्या, चर्चच्या नोंदवह्या. घरांची वर्णनं त्यांत सापडतात. ‘खांबांचं घर, भोवती पडवी, कुंपणासह’ असं लिहिलेलं असतं, पण त्या वर्णनात गावातली निम्मी घरं बसतील. कागदानं शंका घट्ट होते, पण घरापर्यंत पोचता येत नाही.

तिसरा मार्ग बांधणीवरून काळ ओळखण्याचा. छपराची कैची, सांधे, तासणी पाहून अंदाज बांधायचा. जिथे रीत पिढ्यान्‌पिढ्या बदलत नाही तिथे हा मार्ग दगा देतो. रोवलेले खांब दिसले की ‘फार जुनं’ असं धरून चाललं जाई. हे गृहीतच तपासायचं होतं.

चौथा मार्ग लाकडालाच विचारण्याचा. झाड दर वर्षी एक वलय धरतं. पावसाच्या वर्षी जाड, दुष्काळात बारीक. एका प्रदेशातल्या झाडांत जाड-बारीक वलयांचा क्रम सारखा असतो. जिवंत झाडांपासून मागे मागे जात, जुन्या लाकडांचे क्रम एकात एक अडकवत शेकडो वर्षांची साखळी तयार होते आणि तुळईतला क्रम त्या साखळीत कुठे बसतो ते पाहिलं की झाड कधी तोडलं ते कळतं. अँड्रू एलिकॉट डग्लस यांनी अ‍ॅरिझोनाच्या कोरड्या मुलखात ही विद्या घडवली. १९२९ मध्ये त्यांना साखळीतला तुटलेला दुवा एका जळक्या तुळईत सापडला आणि तिथल्या प्राचीन वस्त्यांना सालं मिळाली.

या मार्गाचा तोटा दोन ओळींचा, पण जड होता. वास्तूला भोक पडतं. आणि उत्तर आलं की ते न आल्यासारखं करता येत नाही.

निर्णयाची पहिली जागा: भोक कुठे पाडायचं

१९८० च्या दशकापासून मिसूरी विद्यापीठाशी संबंधित अभ्यासकांनी या गावातल्या घरांच्या लाकडावर हे काम केलं. त्यातला किचकट भाग बाहेरून दिसत नाही, म्हणून थोडं सविस्तर.

पोकळ नळीसारखं गिरमिट तुळईत घालून पेन्सिलीएवढी लाकडाची कांडी बाहेर काढतात. ती खाचेत चिकटवून बारीक, मग आणखी बारीक पॉलिश पेपरनं घासतात, इतकी की भिंगाखाली वलयांतल्या पेशी वेगवेगळ्या दिसाव्यात. मग प्रत्येक वलयाची रुंदी मोजायची. पण कांडीत शेवटचं वलय, म्हणजे अगदी सालीखालचं, आलं असेल तरच तोडीचं साल मिळतं. सुतारानं खांब चारही बाजूंनी तासला असेल तर बाहेरची किती वलयं कुऱ्हाडीनं गेली ते सांगता येत नाही. मग ‘या सालानंतर कधीतरी’ एवढंच म्हणता येतं. म्हणून अभ्यासक घरात शिरला की आधी तळघरात किंवा माळ्यावर जातो. तिथे सुतारानं तासायचा कंटाळा केलेला असतो आणि एखाद्या कोपऱ्यावर झाडाची मूळ गोलाई, कधी सालीचा पापुद्राही राहिलेला असतो. दर्शनी भागातलं देखणं काम या कामाला निरुपयोगी आणि मागचं ओबडधोबड काम मोलाचं.

लाकडाची जातही आडवी येते. ओकची वलयं स्पष्ट असतात. जमिनीत पुरायला चांगला तो लाल देवदार, कारण त्याला वाळवी आणि बुरशी सहजी लागत नाही. पण तो एखाद्या वर्षी खोटं वलय धरतो आणि एखाद्या वर्षी खोडाच्या एका बाजूला वलय धरतच नाही. नुसतं मोजून चालत नाही, अनेक कांड्या एकमेकींशी पडताळाव्या लागतात.

शिवाय दुरुस्तीचा प्रश्न. दोनशे वर्षांत खांब बदलले जातात. बदललेल्या खांबात गिरमिट घातलं तर घर उगाच तरुण ठरेल. उलट कोणी जुनं लाकूड पुन्हा वापरलं असेल तर घर उगाच म्हातारं ठरेल. म्हणून छपराची कैची, माळ्याच्या तुळया आणि भिंतीचे खांब अशा वेगवेगळ्या ठिकाणची लाकडं एकाच सालाकडे बोट दाखवतात का, हे पाहायचं. त्या काळी ओलं लाकूडच तासून वापरत, वाळवत ठेवत नसत. म्हणजे तोडीचं साल आणि बांधणीचं साल यांत सहसा एखाद-दोन वर्षांचंच अंतर.

काय निघालं

आमुरो घर: १७७० नव्हे, १७९२.
बोल्डुक घर: तेही १७९२ च्या सुमारास.
बेकेट-रिबो घर: १७७८ नव्हे, १८०८.

घर सुटं करून आणल्याची गोष्ट एका फटक्यात निकालात निघाली. आणलेल्या घरातलं लाकूड १७८५ च्या आधीचं असायला हवं, १७९२ चं नव्हे. जुन्या गावातलं घर इथे उभं आहे असं म्हणायला या तिघांपैकी एकाचाही आधार राहिला नाही. पुरानंतर स्थलांतराला काही वर्षं लागली आणि १७९० च्या दशकात नवं गाव भराभर बांधलं गेलं, या कागदपत्रांतल्या चित्राशी हे नेमकं जुळलं. गावातल्या ग्रीन ट्री टॅव्हर्न या जुन्या खानावळीची लाकडंही १७९० च्या आसपासची निघाली.

सर्वांत जास्त, तीस वर्षं, गमावली बेकेट-रिबो घरानं, आणि मला विचाराल तर सर्वांत जास्त कमाईही त्याचीच झाली. १७७८ चं असतं तर ते फ्रेंच रीतीचं एक जुनं घर, एवढंच. १८०८ चं म्हटल्यावर प्रश्नच बदलतो. अमेरिकेनं मुलूख विकत घेऊन पाच वर्षं झालेली. इंग्रजी बोलणारे वकील आणि व्यापारी गावात येऊ लागलेले. जोत्यावर घर बांधायची जास्त टिकाऊ पद्धत दोन पावलांवर दिसत असताना या माणसानं चर खणला आणि आजोबांसारखे खांब पुरले. दहा वर्षांनी, १८१८ मध्ये, त्याच गावात चुनखडीच्या दगडाचं, अमेरिकी फेडरल शैलीचं घर उभं राहिलं. तेच आज फेलिक्स व्हाले घर म्हणून ओळखलं जातं. जुनी पद्धत मागे पडून नवी आली असं नाही. एकाच गावात शेजारी शेजारी दोन्ही चालू होत्या. हे पाटीवरचं खोटं साल झाकून ठेवत होतं.

निर्णयाची दुसरी जागा: आता सांगायचं काय

साल अलीकडचं ठरलं की पाहुण्यांना सांगायला काय उरतं, ही धास्ती अशा प्रत्येक ठिकाणी असते. इथे ती फोल ठरली, कारण घरांत राहून गेलेल्या माणसांकडे लक्ष वळलं.

आमुरो घर हे नाव बांधणाऱ्याचं नाहीच. ते बोव्हे घराण्यातल्या माणसानं बांधलं. १८५२ मध्ये ते बेंजामिन आमुरो आणि पेलाजी यांच्याकडे आलं. बेंजामिन गोरा फ्रेंच माणूस, पेलाजी गुलामगिरीत जन्मलेली आणि नंतर मुक्त झालेली. मिसूरी तेव्हा गुलामगिरी कायदेशीर असलेलं राज्य होतं. अशा राज्यात या जोडप्यानं तिथे संसार केला आणि पेलाजीनं दुकान चालवलं. बेकेट-रिबो घरही पुढे क्लॅरिस या मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय स्त्रीच्या वंशजांकडे विसाव्या शतकात बराच काळ होतं. जोवर ‘किती जुनं’ हा एकच प्रश्न होता तोवर १८५२ ची पेलाजी म्हणजे उशिरा आलेली भाडेकरू. तो प्रश्न मागे सरल्यावर तिला जागा मिळाली.

निष्पत्ती

राज्य सरकारनं आणि नंतर राष्ट्रीय उद्यान सेवेनं १७९२ आणि १८०८ हीच सालं स्वीकारली. बोल्डुक घर चालवणाऱ्या संस्थेनंही १७९२ मान्य केलं. गावाचं काही बिघडलं नाही. १९८६ मध्येच काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, गावासाठी पूरसंरक्षण प्रकल्प मंजूर केला होता. तो कागदावर असतानाच १९९३ चा महापूर आला. त्या वर्षी १ ऑगस्टला सेंट लुईसला नदी ४९.५८ फुटांवर गेली, जिथे धोक्याची पातळी ३० फूट आहे. पलीकडचं कॅस्कॅस्किया बेट बांध फुटून बुडालं. इथे लोकांनी वाळूची पोती रचत जुना भाग बहुतांशी राखला. पक्का बांध २००२ मध्ये पुरा झाला. २०१८ मध्ये सेंट जेनेव्हीव राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा कायदा झाला आणि ३० ऑक्टोबर २०२० ला उद्यान रीतसर स्थापन झालं. अलीकडच्या ठरलेल्या सालांमुळे यातलं काहीही अडलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

एक तर क्रम. लाकडाची तपासणी जीर्णोद्धाराच्या आधी व्हायला हवी. १९५० च्या दशकात पूर्व अमेरिकेतल्या घरांसाठी वलयांच्या साखळ्या तयार नव्हत्या, त्यामुळे त्या पिढीला दोष देण्यात अर्थ नाही. पण जीर्णोद्धारात काढलेला प्रत्येक कुजका तुकडा चिठ्ठी बांधून माळ्यावर ठेवणं तेव्हाही शक्य असतं. आज ज्या गावात जुना वाडा दुरुस्तीला निघतो तिथे हे पहिल्या दिवशी सांगावं, कारण गवंडी आणि सुतार ते तुकडे संध्याकाळी चुलीत घालतात.

दुसरं, पाटीवर सालाशेजारी ते कशावरून, हे चार शब्दांत लिहावं. ‘लाकडाच्या वलयांवरून १७९२’ एवढं पुरे. नवा पुरावा आला तर काय बदलायचं ते वाचणाऱ्याला आपोआप कळतं आणि पुढच्या पिढीच्या मार्गदर्शकाला आपण खोटं सांगत होतो असं वाटत नाही.

तिसरं मला जास्त खटकतं. हा नियम घरांना लावला गेला, गावाला नाही. सेंट जेनेव्हीव आजही आपली स्थापना १७३५ ची सांगतं. १९३५ मध्ये द्विशताब्दी आणि १९८५ मध्ये अडीचशेवं वर्ष साजरं झालं. योगायोग असा की त्याच १९८५ मध्ये इतिहासकार कार्ल एकबर्ग यांचं वसाहतकालीन सेंट जेनेव्हीववरचं पुस्तक आलं आणि त्यांनी दप्तरांवरून स्थापना १७५० च्या सुमाराची ठरवली. १७५२ च्या जनगणनेत गाव दिसतं ते मूठभर माणसांचं, नुकतं बसू लागलेलं. पंधरा वर्षांच्या भरल्या गावाचं ते चित्र नाही. बहुतेक अभ्यासक आता एकबर्ग यांच्या बाजूचे आहेत.

घरांची सालं बदलली कारण लाकूड समोर होतं आणि त्यात गिरमिट घालता येत होतं. मूळ गावाची जागा पुरानं आणि नांगरानं विस्कटून टाकली, तिथे वाद घालणारा आणि ऐकणारा दोघंही कागदावरच अवलंबून. त्यात १७५० धरूनही गावाचा मान कमी होत नाही, हे विशेष. सेंट लुईस १७६४ चं. मिसूरीतली सर्वांत जुनी टिकलेली युरोपीय वस्ती हा मान दोन्ही सालांनी सेंट जेनेव्हीवकडेच राहतो.

२०३५ आता फार लांब नाही. त्रिशताब्दीची पत्रकं, फलक, शाळांचे कार्यक्रम यांची आखणी काही वर्षं आधी सुरू होते आणि एकदा छपाईला गेलं की साल आणखी पन्नास वर्षं पक्कं होतं. उत्सव २०३५ मध्येच करायचा असेल तर करावा, फलकावर १७३५ ही परंपरा आणि १७५० चा सुमार हा दप्तरांचा निष्कर्ष, दोन्ही लिहावं. घरांच्या बाबतीत या गावानं याहून अवघड गोष्ट पचवली आहे.